बिनओरखड्याची प्रत

सियागंजच्या मागच्या बोळात, बाकलीवाल शेठच्या कचेरीत
माझं काम एवढंच : परत आलेली रिळं तपासणं.
दोन फिरक्यांच्या मधे मान घालायची, हातात सुती मोजा,
फिल्मच्या कडेवरून बोट फिरवत न्यायचं.
बोटाला सगळं कळतं.
कुठे भोकं फाटलीत,
कुठे खंडव्याच्या ऑपरेटरनं
नाचाचा तुकडा कापून खिशात घातलाय,
कुठे बडनगरच्या तंबूत पाणी शिरलंय.

सुंठणकरांची पहिली तीन चित्रं परत यायची ती
देवासच्या रस्त्यानं फरफटत आणल्यासारखी.
रेघाच रेघा. भर उन्हातल्या प्रसंगात पाऊस पडायचा.
शेठ शिव्या घालायचे, मी जोड लावायचो,
आणि पुन्हा उज्जैन, पुन्हा रतलाम, पुन्हा महू.

चौथं आलं ते गराडूच्या दिवसांत.
दिल्लीचं पदक तोवर गळ्यात होतं.
शेठनी बायकोच्या पाटल्या ठेवून हक्क घेतले.
नाव सांगत नाही. पोस्टरवर होतं तेवढं पुरे.
त्यात एक माणूस विहिरीशी बोलतो,
एकोणीस मिनिटं.
अधूनमधून एक पांढरा घोडा येतो.
का येतो, ते घोड्यालाही ठाऊक नसावं.

चौथ्या दिवशी ते स्वतः आले, दुपारच्या खेळाला.
अकरा माणसं होती, त्यांतली दोन झोपायला आलेली.
मी मागच्या रांगेत.
पुढच्या अंधारात त्यांचं टक्कल
पडद्याबरोबर उजळत होतं, विझत होतं.

मध्यंतरात गुळगुळीत झालेल्या कोटाची बटणं चाचपत
त्यांनी मला विचारलं,
‘रिळांचा क्रम चुकला तर नाही ना?
तिसऱ्यानंतर पाचवं लागलंय, असं काही?’

मी त्यांच्याकडे पाहिलं.
या माणसाच्या पहिल्या चित्रात
आई नुसता दिवा पुसते, तेव्हा मी रडलो होतो.
तेही फिरक्यांवर, हातानं फिरवताना, आवाजाशिवाय.

‘हो साहेब,’ मी म्हणालो. ‘चुकला. माझ्याच हातून.’

एवढा मोठा माणूस, पण चेहरा कसा सैल झाला!
‘तरीच,’ म्हणाले. पुन्हा म्हणाले, ‘तरीच.’
सराफ्यात मला भुट्ट्याचा कीस खाऊ घातला,
पैसे त्यांनीच दिले.
आणि पुढं जन्मभर, ऐकतो,
चार माणसांत सांगायचे,
इंदुरात एका गाढवानं माझं चित्र उलटंपालटं दाखवलं.

सांगू द्या.

खरं सांगायचं तर त्याच आठवड्यात, खेळ उतरल्यावर,
रमझानीला हाताशी धरून रात्री
मी ती चौदा रिळं वेगळ्या क्रमानं लावून पाहिली.
पाचवं आधी. शेवटचं पहिलं.
एकदा तर विहीर पूर्णच वगळली.
घोडा तरीही आला.
रमझानी म्हणाला, ‘भिया, इसका कुछ नहीं हो सकता.’

शेठ गेले, धंदा गेला.
जुनी रिळं किलोनं विकली गेली.
भट्टीवाले धुऊन चांदी काढतात
आणि उरलेल्या पट्टीच्या बांगड्या करतात, असं म्हणायचे.
तो दिवा पुसणारा हात
कुणाच्या तरी मनगटात गेला असेल.
चौथं चित्र कुणी भंगारातही मागितलं नाही.
मी जिन्याखाली ठेवलं, आंबट वासासकट.

परवा पुण्याहून दोन मुलं आली, पांढरे मोजे घालून.
पहिल्याची प्रत आहे का?
नाही.
दुसऱ्याची?
नाही.
मग मी जिन्याखालचे डबे ओढले.

मुलीनं पट्टी खिडकीशी धरली,
वीतभर, मग हातभर,
आणि उजेडात ओरडली, ‘काका, एकही ओरखडा नाही!
इतकी जपलीत तुम्ही?’

मोजा माझ्या हातात नव्हता.
मी कडेवरून बोट फिरवलं.
खरंच नव्हता.