प्रश्न क्रमांक पाच

टिळक रोडवरच्या आमच्या दवाखान्यात
डॉक्टर सुई भरतात, मी फॉर्म भरते.
चौदा प्रश्न. प्रत्येकी शून्य ते चार.
छापील मराठी अशी, की पेशंट आधी माझ्याकडे बघतात:
‘गत मासात आपल्या मुखाच्या स्वरूपामुळे
आपणांस संकोचाचा अनुभव आला काय?’
मी विचारते, लाजलात का हो कुठे?

कौसल्या मेमाणे, वय एक्कावन्न,
तुळशीबागेत बांगड्यांच्या दुकानात सव्वीस वर्षं.
हसल्या की दातांच्या वर बोटभर हिरडी दिसते,
म्हणून हसल्याच नाहीत.
म्हणजे, घरी हसायच्या, तोंडाला पदर लावून.
दुकानात कशा हसणार?
दोन्ही हात गिऱ्हाइकाच्या एका हातात अडकलेले.
नवऱ्या मुली खिदळायच्या,
या ओठ मिटून चुडा चढवायच्या.
बाई कडक आहे, म्हणायचे लोक.
खपून गेलं.
पुण्यात दुकानदार हसला नाही म्हणून कोण दचकतंय?

प्रश्न पाच: चारचौघांत खाणं टाळलंत का?
“खाणं कशाला टाळू? दात धड आहेत माझे.
फोटो टाळला.
लेकीच्या लग्नात सगळ्या फोटोंत आहे मी,
आनंदात एकाही नाही.”
फोटोसाठी चौकट नव्हती.
मी शून्य लिहिलं.

मग खुर्ची, दिवा, बर्फाचा खडा,
नाकपुड्यांच्या कडेला दोन टोचण्या.
त्यांना कळल्याही नाहीत.
बिल बघून मात्र डोळे मिटले. भिशीचे पैसे होते.
“टिकतं किती?”
“चार महिने,” डॉक्टर म्हणाले.
“चारच? बांगडी जास्त टिकते हो.”

पंधरा दिवसांनी पुन्हा तोच फॉर्म.
वरचा ओठ आता जागेवर थांबत होता,
पण हसताना हात उठलाच.
तोंडापाशी जाऊन घुटमळला,
उगाच नाक खाजवून खाली आला.
एकतीसचे अकरा झाले.
डॉक्टरांनी आकड्याभोवती गोल काढला.

श्रावणात मीच गेले बांगड्या भरायला.
पाचवा महिना. औषध उतरलेलं.
माझी बोटं चोळत, मूठ दाबत
त्या विहिणीचं काहीतरी सांगत होत्या
आणि हसल्या. हिरडीसकट.
हात दोन्ही माझ्या मनगटावर.

“परत येताय ना?”
“बघू. दिवाळीची भिशी लागू दे.”
म्हणजे येतील. किंवा नाही.
हिरवी बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली होती.
“हात सैल सोडा,” त्या म्हणाल्या.