मारंडी

खैरानी रोडवर, पत्र्याच्या शेडमध्ये
लवू मिस्त्री रोमचे खांब ओततो.
फुटाला साडेतीनशे, माथ्याचे वेगळे.
रबराच्या साच्यात प्लास्टर, काथ्या, पाणी,
वीस मिनिटांचा धीर,
मग साचा पालथा करून पाठीवर दोन थापा,
तान्ह्या पोराचा ढेकर काढावा तशा.
माथा बाहेर येतो पांढराफेक:
कुरळ्या पानांच्या दोन रांगा, कोपऱ्यांवर वेटोळी,
आतून पोकळ.

"भार लोखंड घेतं," लवू म्हणतो,
"हा नुसता उभा राहतो.
लग्नातल्या व्याह्यांसारखा."

टाउन हॉलच्या पायऱ्यांवर मी एकदा डबा खाल्लेला.
तिथले खांब साधे, एक पान नाही त्यांना,
पण पाठ टेकली तर दगड भर दुपारी गार लागला,
आणि वर कुणीतरी खरोखर पेलतंय
हे पाठीला कळलं.

यंदा पवईच्या टॉवरची ऑर्डर. नाव सीझर एन्क्लेव्ह.
छत्तीस माथे.
आर्किटेक्टबाईंनी मोबाइलवर फोटो धाडला,
खऱ्या दगडाचा, पानांची टोकं उडालेला.
"अस्संच हवंय," म्हणाल्या, "पण नवं."

जुना साचा फाटलेला. पान मातीत घडवायचं, हातानं.
माझ्या हातून आधी कोबी झाला,
मग मुळ्याचा पाला.
लवू म्हणाला, "भाजी नको रे. पान कर."

रविवारी भांडुपच्या खाडीवर गेलो,
धाकलीबाय वैतींकडे निवट्या घ्यायला.
ओहोटी. चिखल बुडबुडत होता.
सहज दाखवला तिला फोटो.
तिनं हाताचे खवले पदराला पुसले,
फोन डोळ्यांशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ.
"अरं, ही तं मारंडी!"

तिवरांच्या पायाशी, कमरेएवढी,
मेणचट हिरवी, पानापानाच्या कडेला दात,
निळी-जांभळी फुलं जीभ काढून उभी.
मी हात घातला.
रक्त आलं.

तेव्हा बाईंनी सांगितलेली गोष्ट तिला सांगितली:
एक पोर गेली लग्नाआधी.
दाईनं तिची खेळभांडी टोपलीत भरून थडग्याशी ठेवली,
पावसानं भिजू नयेत म्हणून वर एक कौल.
टोपलीखाली हे झाड होतं, कुणाला ठाऊक नव्हतं.
वसंतात पानं टोपलीला बिलगून वर चढली,
कौलाला अडली, वळली.
एक पाथरवट त्या वाटेनं जात होता.
त्या ग्रीकांचं रोमनांनी घेतलं, रोमनांचं साहेबानं,
साहेबाचं बँकांनी, कोर्टांनी, लग्नाच्या हॉलांनी,
फिरत फिरत
लवूच्या शेडमध्ये.

धाकलीबायची पाटी चिखलातच टेकलेली,
वर कौलाचा तुकडा,
कावळ्यांसाठी.

"किती वर्साची व्हती पोर?" तिनं विचारलं.
मला माहीत नव्हतं.
"दोन हजार वर्षांच्या वर झाली गोष्टीला," मी म्हटलं.
"व्हईनात. पोरीला वय असंलच ना?"

पान झालं त्या रात्री. दातांसकट.
बाईंनी मान तिरपी करून पाहिलं,
काहीतरी वेगळंय म्हणाल्या,
काय ते त्यांना सांगता येईना, सही केली.
आता लॉबीत छत्तीस माथ्यांवर खाडीचं झुडूप आहे,
लोक लिफ्टची वाट बघत खाली फोनमध्ये.

सदतिसावा तडकला.
लवू फेकणार होता, मी रिक्षात घालून नेला.
धाकलीबायनं फिरवून पाहिला,
आत हात घालून पोकळी चाचपली,
मग पालथा केला आणि त्यावर बसली
जवळे निवडायला.

प्लास्टर आहे, मी म्हटलं, भरतीत विरघळेल.
"विरघलू दे," ती म्हणाली,
आणि जरा सरकून
अजून ऐसपैस बसली.