हिशोबात एक चिंचोका जास्त

मोजणीचं यंत्र शुक्रवारी सकाळीच बंद पडलं,
तेव्हा माझ्या पर्समधले चिंचोके कामाला आले.
वेंगुर्ल्याहून खेळायला आणलेले,
चार वर्षांत इथे खेळायला कुणी भेटलं नाही.
एक फेरी, एक चिंचोका:
डाव्या खिशातून उजव्या खिशात.
फेरीमागे एक दिनार,
मुहर्रकच्या त्या शाळेसाठी, जिच्या बसला
चाकाची खुर्ची वर चढवणारी फळी हवी आहे.

माझ्याकडे तिसरा पट्टा. पट्ट्यात मुनीरा, वय नऊ.
काठावर ती गाठोडं असते,
मी आणि सिस्टर लिसम्मा, दोघी मिळून उचलतो.
पाण्यात ठेवली
की कुणीतरी गाठ सोडावी तशी सुटते.
उताणी. कान पाण्यात, डोळे छताच्या पत्र्यावर.
हात असे मागे टाकते, जसं काही
भावंडांच्या अंथरुणात स्वतःला जागा करून घेतेय.
अकरा झाल्या होत्या तिच्या,
तेवढ्यात बाहेर गाड्यांचे दरवाजे वाजले.

खलफ बिन ईद आला.
रमजानातली ती मालिका, तीस रात्री,
तिच्यात तो मोत्यांसाठी बुडी मारणारा:
नाकाला चिमटा, पायाला दगड,
श्वास इतका लांब की माझ्या घरमालकिणीचा
खजूर हातातच राहायचा.
सगळ्या खुर्च्या एकदम वळल्या.
आयांनी आधी ओढण्या सावरल्या, मग फोन.
माइकवर म्हणाला, माझ्या एका फेरीचे शंभर दिनार.
टाळ्या. पत्र्यावर आपटून परत आलेल्या टाळ्या.

मग घड्याळ काढून माझ्या हातात देताना
हळूच, त्या आखाती हिंदीत
जी इथे कुणाचीच नसते आणि सगळ्यांना येते:
"बेहन, मेरे को तैरना नै मालूम.
वो सब टाकी में किया. टाकी इतना."
कमरेशी हात लावून दाखवला.

मला हसू आलं असतं.
पण त्याच्या पायाची बोटं फरशीला
अशी धरून होती, जशी आमच्याकडे
माडावर पहिल्यांदा चढलेल्या पोराची.
म्हटलं, मुलांचा तलाव आहे हा. शेवटपर्यंत तळ लागतो.

तो उतरला. पांढऱ्या सदऱ्यासकट.
पट्ट्याची दोरी धरली आणि चालू लागला.
सदरा फुगून भोवती तरंगत होता.
कॅमेरे खाली आले, मग काय करावं न सुचून पुन्हा वर गेले.
मुनीराने एक कान पाण्याबाहेर काढला.
"तू चालतोयस?"
"हो."
"पाण्यात?"
"हो. दुसरं येत नाही."
ती थोडा वेळ नुसती तरंगली.
"मलापण दुसरं येत नाही," म्हणाली,
आणि हात मागे टाकला.

(तिचा पणजोबा होडीवर दोरी धरून बसायचा,
लिसम्माने नंतर सांगितलं.
बुडी मारणारा खाली गेला की दोरीच्या झटक्याकडे
सगळं लक्ष. मालिकेत त्या माणसाला
नाव नव्हतं.)

मी चिंचोका चिमटीत धरून उभी.
चाललेली फेरी पोहलेली धरायची का?
नियमांच्या कागदात नाही.
मुनीरा पलीकडे आधी पोचली,
काठाला हात लावून थांबली,
आणि तो धापा टाकत आला तेव्हा
तिथून माझ्यावर ओरडली, अरबीत: मोज त्याची!
चालण्यातलं तिला जास्त कळत असणार.
मी मोजली.

पेपरात फोटो आला. ओला सदरा, वर अंगठा.
मुनीरा खांद्याशी कापलेली.
चेक तीन आठवड्यांनी आला, चार फोन केल्यावर;
पण आला, पुरे शंभर. फळी लागली बसला.
वहीत त्याचे पैसे "देणगी"खाली आहेत,
"फेरी"खाली नाहीत.
म्हणून वहीत तिसरा पट्टा एकोणीस
आणि माझ्या खिशात वीस.
मी तीनदा मोजले, दिवाणखान्यात, फरशीवर मांडून.

अजून दर शुक्रवारी, उचलताना,
ती माझ्या कानाशी विचारते:
तो आला का चालायला?
नाही ग.
मग ती कान पाण्यात घालते,
आणि मी डावा खिसा चाचपते.