डावी कडी

सोहारच्या आमच्या मंडळाकडं
मालकीचं म्हणावं असं एकच आहे: दार.
भिंत नाही, छप्पर नाही,
नोंदणीचा तर विषयच काढू नये.
चौकटीसकट एक दार, साडेसहा फुटी.

केलं ते श्रीवर्धनच्या जैनुद्दीन मुकादमनं.
तांब्याच्या कारखान्यात पेट्या ठोकायचा,
त्याच पेट्यांच्या फळ्या.
मागच्या अंगाला अजून वाचता येतो
खाली तोंड केलेला बाण, नि इंग्रजीत
‘ही बाजू वर’.
माणूस डावखुरा. कडी त्यानं
आपल्या हाताला येईल तिथं लावली.
कुणी बोललं तर म्हणाला,
“घर खोटं, सासू खोटी,
नि कडीच तेवढी खरी पायजे काय?”

पहिलं नाटक कॅम्पच्या मेसमध्ये,
गुरुवारी सुट्टी असायची तेव्हा.
बायकांना व्हिसा नव्हते,
म्हणून आई झाला वेल्डर थिगळे,
मिशी न काढता, पदर नाकापर्यंत ओढून.
पुढं मल्याळी फिटर, मागं पंजाबी ड्रायव्हर,
भाषा निम्म्यांना कळेना.
पण थिगळे दाराशी उभा राहून
शेवटच्या एस्टीची वाट बघायला लागला
आणि आत भटारखान्यात वरण करपलं.

मी आले त्र्याण्णवला.
पासपोर्टात शिक्का: नोकरीस परवानगी नाही.
मग प्रॉम्प्टर झाले.
एकतीस वर्षं दाराच्या मागं, स्टुलावर,
दुसऱ्यांची वाक्यं
त्यांच्या आधी अर्धा श्वास बोलतेय.

माझ्या वहीच्या समासात नावं आहेत, पेन्सिलीनं.
थोरला भाऊ: केळुसकर. खोडून, डिमेलो.
खोडून, पाध्ये.
इथं एक्झिट म्हणजे विंगेत जाणं नव्हे.
दुसऱ्या अंकाच्या तालमीत
केळुसकरला कंपनीचा फोन आला.
आठ दिवसांत फ्रिज विकला, मुलीचा दाखला काढला,
आणि थोरला भाऊ आमच्याकडं ठेवून गेला
इस्त्रीला टाकलेल्या शर्टासारखा.
डिमेलोला तो खांद्यात घट्ट व्हायचा.

चाळ असली की दार हिरवं,
बंगला असला की पांढरं,
एकदा दवाखाना होता म्हणून फिकट निळं.
रंगावर रंग. आता ते चौकटीत नीट बसत नाही,
ऐन भांडणात अडकतं.
रंधा मारायला कुणी धजत नाही.

वादीला पाणी आलं त्या ऑक्टोबरात
गाड्या खजुरीच्या बागांत जाऊन बसल्या.
मी वही काढली.
पात्रांच्या पानावर सगळ्यांचे नंबर होते.
लावत गेले, प्रवेशाच्या क्रमानं,
उचलेल त्याला त्याचं वाक्य देत:
तू जनरेटर. तू पिण्याचं पाणी.
तू पाध्यांच्या आईला खांद्यावर आण, ओरडेल, ओरडू दे.
शाळेच्या हॉलात नव्वद माणसं झोपली,
त्यांतल्या साठांनी आमचं एकही नाटक पाहिलेलं नव्हतं.
शेजारचा सालिम भाताचा टोप घेऊन आला,
ठेवायला जागा नाही,
तेव्हा दार दोन बाकांवर आडवं टाकलं.
त्यावरच कुणीतरी कांदे चिरले.
पुढच्या प्रयोगात त्या सुरीच्या खुणा
पहिल्या रांगेला दिसल्या असणार.
विचारलं कुणी नाही.

दिवाळीला केळुसकरचा फोन येतो, कुडाळहून.
घर बांधलंय. दार सागवानी, पितळी कडी,
सगळं रीतसर, उजवीकडं.
“पण वैनी,” म्हणतो,
“रात्री उठलो की हात अजून डावीकडंच जातो.
काळोखात चाचपत ऱ्हवतंय.”

आणि मी इकडं, सवयीनं,
फोनवर हात आडवा धरून
हळूच सांगते:
उजवीकडं.