वस्तऱ्याखाली

नाक्सोसच्या डोंगरात, जिथे कुरुंद निघायचा,
एकेचाळीस वर्षं मी डोकी भादरतोय.
काही घरांत पोरं जन्मतातच मेंढीची लोकर घेऊन.
फणी अडते, कात्री कुरकुरते,
पैसे देताना तळहात लागतो:
जाड, पिवळा, भेगाळलेला.
खाणीनं केलं, म्हणायचे सगळे. मीही म्हणायचो.
खाणीत कधी न उतरलेल्या बायकांचे हात
कुणी उलटून पाहिले नव्हते.

फ्लोरियोस शनिवारी आला. उद्या बहिणीचं लग्न.
फेस लावला, मान मागे टेकवली,
वस्तरा गळ्याच्या शिरेपाशी नेला
आणि पात्याखाली ती उधळली.
पोरगा तर गप्प बसलेला. ना धावला, ना घाबरला.
बोट ठेवलं, मोजता येईना.
"मास्तोरा, दिवा घालवलात का?"
बाहेर भर दुपार होती.
मग घाम, राखेसारखे ओठ,
आणि मान माझ्या हातात, लोकरीसकट.

हेलिकॉप्टरसाठी शाळेचं पटांगण रिकामं केलं.

अथेन्सच्या डॉक्टरीणबाई फोनवर सांगत होत्या:
उजव्या जवनिकेत मांस झिजून चरबी भरलीय, वण पडलेत.
सरळ जायची ती वीज वणाला अडते,
वळसा घेते, त्याच जागी येते, पुन्हा निघते.
खळ्यावर तिवड्याभोवती खेचर फिरतं, तसं?
तसंच. पण मिनिटाला दोनशे वीस फेऱ्या,
आणि मळायला दाणाच नाही.
इतक्या घाईत कप्पा भरत नाही, रिकामाच पिळला जातो.
रक्त डोक्यापर्यंत पोचत नाही. दिवा जातो.

मग म्हणाल्या, केस कसे आहेत त्याचे? आणि हात?

मी बराच वेळ बोललो नाही.
माझा भाऊ याकोवोस एकोणिसाव्या वर्षी
नाचता नाचता पडला, मुठीत रुमाल.
उन्हानं गेला, असं पाद्र्यानं वहीत लिहिलं.
त्याचे केस मीच कापायचो. शिकाऊ होतो,
लोकरीवर हात बसतो म्हणून.
आईनं अर्धं द्यावं लागतं, बापानं अर्धं, त्या सांगत होत्या.
माझे केस सरळ आहेत.
म्हणजे माझ्याकडे अर्धं असेल,
किंवा काहीच नसेल.

फ्लोरियोस परतला, गळपट्टीच्या हाडाखाली काडेपेटीएवढी पेटी घेऊन.
घोडं उधळलं की ती लाथ घालते म्हणे.
बहिणीचं लग्न त्यानं चुकवलं, त्याचंच त्याला वाईट वाटतं.

आता वस्तऱ्याआधी मी सगळ्यांच्याच गळ्याला बोट लावतो.
म्हातारे हसतात. हसू देत.

काल सहा वर्षांचा एक आला, पाय खुर्चीवरून लोंबत,
डोक्यावर दाट, राखाडी लोकर.
मी कात्री खाली ठेवली.
म्हटलं, बाळा, हात बघू.