शेरा

पावसाळ्यात दर तासाला मी घाटाच्या पायऱ्या उतरतो,
पट्टीवर टॉर्च मारतो,
पाणी ज्या आकड्याला ओठ लावून असतं
तो फोनवरून साहेबांना सांगतो.
दोनशे सहा पूर्णांक चार.
साहेब म्हणतात, हं.

दोनशे सहा कशापासून, हे किती वर्षं विचारलंच नाही.
वाटायचं, नदीच्या तळापासून असेल.
पण वैनगंगा एवढी खोल कुठली,
मार्चात शेळ्या पल्याड जातात, खूर तेवढे ओले होतात.
मग एक खारकर इंजिनिअर आला, पोरसवदा,
पायरीतल्या पितळी खुंटीवर बोट ठेवून म्हणाला,
पत्रूभाऊ, समुद्रापासून.
समुद्र म्हणजे शून्य.
तिथून मोजत मोजत माणसं या खुंटीपर्यंत आली.

समुद्र मी पाहिला नाही.
आजा डोंगा घालायचा, तोही संगमाच्या खाली गेला नाही.
तरी कुठंतरी एक शून्य
पाय रोवून उभं आहे
आणि आपली नदी त्याला बांधलेली आहे,
एवढं कळल्यावर त्या रात्री झोप बरी लागली.

गाव मीटरमध्ये विचारत नाही.
गाव विचारतं, मारोतीचे पाय का गुडघे?
पाय म्हणजे खालच्या टोलीनं कोंबड्या आवरायच्या.
गुडघे म्हणजे डोमा मारबत्याची शिलाई मशीन
शाळेच्या गच्चीवर,
तिच्या बाजूला तांदळाची पोती, आणि पोत्यांवर बसून
म्हाताऱ्या एकमेकींची नावं ठेवणार.
कंबर एकदाच झाली. त्या साली बोडीतली मासोळी
बाभळीच्या फांदीत सापडली होती.

माझी रजनीगंधा
तिखट तोडायला टोळीबरोबर तेलंगणात गेली
आणि तिथून खाली, अजून खाली,
काकीनाड्याला, कोळंबी सोलायच्या शेडमध्ये.
बर्फानं बोटं मरतात म्हणते, पण पगार हप्त्याला.
परवा रात्री तिचा फोन, मी पायरीवर असतानाच.
"बाबा, पाणी आला गा गल्लीत."
पाऊस किती आहे?
"पाऊस नाही. वारा नाही. टिपूर चांदणं आहे
आन् पाणी आला. पुनवेचा.
मोरीतून उलटा आला."
हापशीही खारी झाली म्हणे,
भातात मीठ घालायचं तिनं सोडलंय.
घरमालकीण सांगते, तिच्या लग्नात
किनारा टॉवरच्या पार पलीकडे होता.
"काहून गा बाबा, इथं पट्टी नाही का कोणाची?"

असेल. माझ्यासारखा कोणी असेलही,
टॉर्च मारून कोणाला तरी आकडा सांगणारा,
आणि पलीकडून हं.
मला जेवढं येतं तेवढंच मी सांगितलं,
दाराच्या चौकटीला गेरूची रेघ मार,
बाजूला तारीख लिही,
आन् पोरीचं दप्तर त्या रेघेच्या वर टांग.

फोन ठेवला तेव्हा वरच्या धरणाची दारं उघडल्याचा भोंगा झाला होता.
चार दिवसांची रोवणी बांध्यांमध्ये उभी होती.
पायऱ्या मोजत मी एकच हिशोब करत होतो:
शून्य वर चढलं
तर माझे दोनशे सहा कमी होतात की काय?
म्हणजे आम्ही न हलता खाली आलो?
विचारायला खारकर नाही, बदली झाली.
आणि आमचं ओसरतं ते जातं तिच्याचकडे,
हे तर आकड्याशिवायही कळतं.
साहेबांना विचारलं, इथलं पाणी समुद्राला किती दिवसांत पोचतं?
साहेब म्हणाले, पत्रू, रीडिंग सांग.

रजिस्टरात शेवटचा रकाना शेऱ्याचा.
एकोणीस वर्षं तिथं मी निरंक लिहिलं,
अक्षर आता डोळे मिटूनही वळतं.
त्या तासाला लिहिलं:
शून्य हललं आहे. मुलीनं पाहिलं.

मग तारीख, वेळ, सही.
पुढच्या तासाला उतरलो
तर खालच्या तीन पायऱ्या नव्हत्या,
आणि वरून कोणीतरी ओरडून विचारत होतं,
पाय का गुडघे?