हा

तीस वर्षं मी खापरं काढली.
काढली म्हणजे उकरली नाहीत, चितारली,
सिव्हिल लाइन्सच्या ऑफिसात, कूलरच्या ओल्या वाळ्याच्या वासात,
ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईनं.
सलग रेघ म्हणजे हाती आलेलं.
तुटक रेघ म्हणजे असावं असं वाटलेलं.
माझी अर्ध्याहून जास्त मडकी तुटक रेघेचीच.

निवृत्तीच्या पैशात बेसा रोडला प्लॉट आला असता,
भाऊजी अजून ऐकवतात.
"काऊन गेल्या वो तुमी तिकडं?
गोटेच पाहाचे होते तं जुनापाणीले का कमी हायेत?"
कमी नाहीत. तिथली वर्तुळं मी मोजलीत,
एप्रिलच्या उन्हात, डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन.
त्या दगडांवर नुसत्या वाट्या कोरल्यात, अक्षर एक नाही.
मला मरण्याआधी एकदा
बोलणारा दगड पाहायचा होता.

उसुमासिंता नावाची नदी.
गवती छपराची लांबोडकी होडी, आम्ही बारा जण,
पुढं उभा एलिसेओ, वाटाड्या, माझ्या भाच्याच्या वयाचा.
एक काठ एका देशाचा, दुसरा दुसऱ्या,
मधलं पाणी कुणालाच विचारत नव्हतं.
झाडांवर वानरं ओरडत होती,
लोडेड ट्रक घाट चढताना ओरडतो तशी.
पायऱ्या चढून गेलो. दाराच्या माथ्यावर राणी,
जिभेतून काट्यांची दोरी ओढणारी.
सगळे म्हणाले, अरे देवा, रक्त.
मी कोष्ट्याची लेक. मला आधी
तिच्या अंगावरच्या कापडाची वीण दिसली,
शंकरपाळी, काठाला झालर,
एक धागा चुकलेला नाही दगडात.
रक्त नंतर दिसलं.

परतताना एलिसेओनं संत्रं सोलून दिलं,
हिरव्या सालीचं, आंबटढाण.
नागपूरकरणीनं काय बोलावं? खाल्लं.
मग त्यानं नदीत हात बुडवला, म्हणाला,
"हा."
मी हसले. म्हटलं, नदी ना? मग हा नाही. ही.
त्यानं मान हलवली, ओंजळ वर धरली,
बोटांतून गळू दिली.
"हा."
दुभाषी मुलगी म्हणाली, त्याच्या आईच्या भाषेत
पाण्याला तेवढंच म्हणतात.

तुमची नदी कोणती, त्यानं विचारलं.
नाग, म्हटलं, आणि हातानं साप करून दाखवला.
तो खूश. होडीनं किती दिवस लागतात?
मी म्हटलं, एक.
आयुष्यात पहिल्यांदा
तुटक रेघ सलग म्हणून दिली.

म्हणून गेल्या रविवारी भाऊजींच्या नातीला, पौर्णिमाला, घेऊन निघाले,
अंबाझरीच्या सांडव्यापासून, पायी.
होडी नाही, वाटाडी मीच, नाकाला पदर.
इकडे बघ, हा पूल नवा. त्याच्याखालचा दगडी पाया जुना, किती जुना ते ठाऊक नाही.
इथे फ्रिजचं दार. इथे गणपतीचा एक हात, प्लास्टरचा.
इथे, महालाच्या अंगाला, पायऱ्या होत्या,
माझा बाप रंगवलेलं सूत धुवायचा,
एक दिवस पाणी मंजिष्ठी, एक दिवस मोरपंखी,
खालच्या बायका शिव्या घालायच्या.
पायऱ्या कुठायत, पौर्णिमानं विचारलं.
मी बोटानं हवेत काढल्या.
तुटक, तुटक, तुटक.

जगनाडे चौकाशी तिचे पाय दुखले.
कठड्यावर बसली, कुरमुरे खाल्ले, खाली वाकून पाहिलं,
फेस, पाणकोंबडी, चपलेचा जोड नसलेला एक,
आणि म्हणाली,
"मोठी आजी, नदी कुठं हाये? हा तं नाला हाये."

मी म्हणणार होते, ही.
तोंड उघडलंही.
हो, म्हटलं. हा.